दोन निकालांमधील अंतर

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि त्याच्या मागेपुढे महिना-दीड महिन्यात सीईटी, जेईई, नीट या परीक्षांचे निकाल घरोघरी येऊन थडकतात. नांदेड-लातूर पट्ट्यातील अनेक घरांत अलीकडे या दोन निकालांचे आपसात पटेनासे झाले आहे. मुलाला सीईटीत 98 पर्सेंटाइल आणि बारावीच्या गुणपत्रिकेत जेमतेम 60 टक्के! बारावीचा निकाल आला त्या दिवशी घर गप्प होते. सीईटीचा आला त्या दिवशी पेढे आले, फोन खणखणले, सोसायटीच्या फलकावर नाव लागले. बारावीची गुणपत्रिका तोवर कपाटात गेलेली असते. कोणी आप्त सहज चौकशी करू लागला, तर वडील हसून म्हणतात, ‘‘बोर्डाला आता विचारतो कोण?’’

हे वाक्य आज मराठवाड्यात इतके रूढ झाले आहे की त्यातील खरे किती आणि खोटे किती, हे तपासण्याचे कष्ट कोणी घेत नाही. अर्धे ते खरेच आहे. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशाची गुणवत्ता यादी आज एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. वैद्यकीय प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. बारावीला काय पडले, हे या याद्या पाहत नाहीत. परंतु यादीत नाव लागणे आणि महाविद्यालयात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि यादीच्या दाराशी जो पहारेकरी उभा असतो, तो अनेक ठिकाणी बारावीचीच गुणपत्रिका मागतो. ही उरलेली अर्धी बाजू पुष्कळ घरांना फार उशिरा कळते.

या साऱ्याला एक उपरोधाची किनारही आहे. ज्या लातूरने महाराष्ट्राला बारावीच्या गुणांचे वेड लावले, त्याच लातुरात आज बारावी ही एक उपचाराची परीक्षा होऊन बसली आहे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द जन्माला आला, तेव्हा वैद्यकीय आणि अभियांत्रिकी या दोन्ही अभ्यासक्रमांचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असत. दयानंद महाविद्यालय आणि राजर्षी शाहू महाविद्यालय यांतील प्राध्यापकांनी त्या काळात जे केले, ते आज सांगितले तर दंतकथा वाटेल. अभ्यासक्रम वेळेच्या कितीतरी आधी संपवायचा, मग उजळणी, मग सराव परीक्षांवर सराव परीक्षा. प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हातात द्यायची आणि अर्धा गुण कोठे गेला, हे त्याला समोर बसवून सांगायचे. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांचे नाव या पद्धतीशी कायमचे जोडले गेले आहे. मंडळाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे ओळीने झळकू लागली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पालकांनी प्रथमच नकाशा उघडून हे गाव कोठे आहे, ते पाहिले. 1982 साली उस्मानाबादपासून वेगळा झालेला, 1993 च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेला हा जिल्हा. पण शिक्षणाच्या बाबतीत तो कोणापुढे वाकला नाही.

त्या पॅटर्नवर टीका करणारेही होते आणि त्यांच्या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. घोकंपट्टीचा आरोप तेव्हाही होता. मात्र त्या पद्धतीत एक गोष्ट निर्विवाद होती. मूल वर्गात बसत असे, प्रयोगशाळेत जात असे आणि तीन तास सलग लिहीत असे. न्यूटनचा नियम त्याला वाक्यात मांडता येत असे, आकृती काढून तिला नावे देता येत असत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय प्रवेशासाठी सीईटी आली, पुढे अभियांत्रिकीलाही ती लागू झाली आणि पॅटर्नचा गुरुत्वमध्य हलला. प्रश्न चार पर्यायांचे झाले. महाविद्यालयातील फळ्याचे महत्त्व ओसरले आणि उद्योग भवन परिसरातील शिकवणी वर्गांचे वाढले. नांदेडातही भाग्यनगर, श्यामनगर या वस्त्यांची ओळखच शिकवण्यांमुळे बदलली. दूरदूरच्या तालुक्यांतील आया मुलांसह एका खोलीत संसार थाटून दोन-दोन वर्षे राहू लागल्या. वडील गावी शेती पाहतात आणि महिन्याकाठी पिठाचे डबे घेऊन येतात. या त्यागाची थट्टा कोणी करू नये. परंतु या व्यवस्थेत कनिष्ठ महाविद्यालय हे पुष्कळांच्या लेखी नाव नोंदवण्याचे ठिकाण उरले, हेही नाकारता येत नाही. राज्य शासनाला 2018 मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, तो याच कारणाने. रोग केवळ मराठवाड्याचा नाही. केंद्रीय परीक्षा मंडळाने 2024 मध्ये दिल्ली आणि राजस्थानातील 21 शाळांची संलग्नता काढून घेतली, कारण तेथील विद्यार्थी केवळ पटावर होते.

मग बारावीच्या गुणांवर कोणाचा विश्वास राहावा? येथे नांदेडची आठवण अपरिहार्य आहे. लातूरने महाराष्ट्राला गुणांचा पॅटर्न दिला, तसा नांदेडने कॉपीमुक्तीचा दिला. 2010 च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी परीक्षा केंद्रांवरील सामुदायिक कॉपीविरुद्ध मोहीम उघडली, महसूल यंत्रणा केंद्रावर उभी केली आणि जिल्ह्याच्या निकालाची टक्केवारी एकदम कोसळली. त्या कोसळण्यात एक मोठे सत्य उघडे पडले. वर्षानुवर्षे जी आकडेवारी मिरवली जात होती, तिच्यातील मोठा भाग खिडकीतून आत येत होता. पुढे ही मोहीम राज्यभर उचलली गेली. बारावीच्या गुणांना प्रवेशात वजन द्यावे, असे कोणी म्हटले की सुज्ञ माणसेही ‘आधी खिडक्या बंद करा’ असे का म्हणतात, हे त्यावरून समजावे. 2021 साली कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा अंतर्गत गुणांवर बारावीचा निकाल 99.63 टक्के लागला. त्या वर्षीच्या गुणपत्रिकेवरून कोणत्या महाविद्यालयाने कोणाला पारखायचे होते?

देशाच्या पातळीवरही हा लंबक सतत हलत राहिला आहे. 2012 मध्ये कपिल सिब्बल मनुष्यबळ विकासमंत्री असताना बारावीच्या गुणांना प्रवेशात वाटा देण्याचा घाट घातला गेला. आयआयटींनी विरोध केला आणि तडजोड म्हणून मंडळाच्या परीक्षेत पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट निघाली. जेईई मेनच्या राष्ट्रीय क्रमवारीत 2013 ते 2016 या काळात बारावीला 40 टक्के वजन होते. 2017 पासून ते गेले. महाराष्ट्रानेही 2014 आणि 2015 या दोन वर्षी सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन आणि बारावी यांना निम्मे-निम्मे वजन देऊन पाहिले आणि 2016 मध्ये पुन्हा सीईटीकडे धाव घेतली. तिकडे तामिळनाडूने 2007 पासून प्रवेश परीक्षा रद्द करून केवळ बारावीवर प्रवेश दिले आणि नीट आल्यावर त्या राज्याचा जो विरोध सुरू झाला, तो आजतागायत शमलेला नाही. 2025 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणी वर्गांवरील अवलंबित्वाचा विचार करण्यासाठी पुन्हा एक समिती नेमली. ज्या घरात आज नववी-दहावीतील मूल आहे, त्या घराने ‘बोर्डाला विचारतो कोण’ हे वाक्य दोन-तीन वर्षांनंतरही खरे राहील, असे गृहीत धरण्यात धोका आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. हातात चांगले पर्सेंटाइल आणि गुणपत्रिकेवर बेताचे टक्के असलेल्या मुलाने कोणती महाविद्यालये डोळ्यासमोर ठेवावीत?

प्रथम पहारेकऱ्याचा विचार. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित या विषयांत मिळून खुल्या वर्गाला 45 आणि राखीव वर्गाला 40 टक्के गुण लागतात. 60 टक्क्यांच्या मुलाला हे दार सताड उघडे आहे. पुण्याची सीओईपी, माटुंग्याची व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद किंवा आपल्याच विष्णुपुरीची, 1981 साली उभी राहिलेली श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था, या ठिकाणी त्याचे बारावीचे टक्के आडवे येत नाहीत. पण हाच मुलगा जेईई मेनमध्येही चमकला असेल आणि घरात ‘एनआयटी’चे बोलणे चालू असेल, तर चित्र पालटते. एनआयटी, ट्रिपल आयटी आणि आयआयटी यांसाठी बारावीत 75 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 65 टक्के, अथवा आपल्या मंडळातील पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान, ही अट आहे. कोविडच्या वर्षांत ती शिथिल होती. 2023 पासून पुन्हा लागू झाली. यातील खरी मेख पुढेच आहे. हे 75 टक्के पाच विषयांचे धरले जातात आणि त्या पाचांत भाषा येते. दोन वर्षे ज्या विषयाच्या पुस्तकाचे पान उलटले नाही, त्या इंग्रजीच्या पेपरातील 41 गुण नागपूरच्या व्हीएनआयटीचे दार बंद करू शकतात! मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेऊन भाषेच्या कटकटीतून सुटल्याचे समाधान मानणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, कारण इंग्रजी तर सुटत नाहीच. पिलानीच्या बिट्सची परीक्षा स्वतंत्र. परंतु तेथेही भौतिक, रसायन, गणित मिळून 75 आणि प्रत्येकी 60 टक्के मागतात. पुण्याच्या आयसरसाठी बारावीत 60 टक्के हवेत. उलट खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला बारावी उत्तीर्ण एवढेच पुरते. पुढे लेखी परीक्षा आणि मुलाखत मंडळ काय ते पाहून घेते. दिल्ली विद्यापीठात एके काळी 100 टक्क्यांना यादी थांबत असे. 2022 पासून सीयूईटी आल्याने तेथे बारावीच्या टक्क्यांचा दबदबा संपला. केंद्रीय विद्यापीठांचा हा मार्ग मराठवाड्यातील घरांना अजून फारसा ठाऊक नाही, याचे नवल वाटते.

नीटच्या बाबतीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला 50 आणि राखीव वर्गाला 40 टक्के गुण बंधनकारक आहेत. प्रात्यक्षिकाचे प्रत्येकी 30 गुण मुक्तहस्ताने वाटले जातात, म्हणून बहुतेक जण ही मर्यादा ओलांडतात. तरी एका विषयाचा लेखी पेपर बिघडला की आकडा 50 च्या काठावर येऊन थरथरू लागतो. रसायनशास्त्रात 62 गुण मिळाले, यात वाईट काय, असे घर म्हणते. त्यातील 29 प्रात्यक्षिकाचे असले, तर 70 च्या लेखी पेपरात मूल 33 वर थांबले आहे, हा त्याचा अर्थ.

आणि येथेच विषयाच्या गाभ्याशी येणे भाग आहे. दार उघडते, मूल आत जाते; आत गेल्यावर काय? सीईटीत प्रश्नासोबत उत्तरही छापलेले असते, ते ओळखायचे असते. 180 मिनिटांत 150 प्रश्न, उणे गुण नाहीत. वेग, सराव आणि नजर यांची ती परीक्षा आहे आणि ज्याला ती साधते, त्याच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी गणिताचा पेपर कोऱ्या पानावर येतो. सिद्धता पायरीपायरीने लिहावी लागते. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांची दीर्घोत्तरे लिहायची असतात, टेबलापलीकडे बसलेल्या परीक्षकाला तोंडी उत्तरे द्यायची असतात आणि पहिली परीक्षा चार प्रयत्नांत सुटली नाही, तर अभ्यासक्रमच सोडावा लागतो. प्रयोगवही रोज पूर्ण करावी लागते. हे सगळे बळ अकरावी-बारावीच्या त्या ‘निरुपयोगी’ वर्गात तयार होत होते. ते ज्याने कमावले नाही, तो नीटमध्ये कितीही गुण घेऊन आला, तरी पहिल्या सहामाहीत गोंधळतो. आपण शाळेपासून हुशार म्हणून ओळखले गेलो, मग एटीकेटी का लागली, या प्रश्नाने मुलगा खचतो. आणि हे घरी सांगण्याची त्याची छाती होत नाही, कारण घराने त्याच्यासाठी शेत गहाण ठेवलेले असते.

म्हणून बारावीचे कमी गुण लपवू नयेत, वाचावेत. ते का पडले, याची कारणे निरनिराळी असतात आणि महाविद्यालयाची निवड त्या कारणावर अवलंबून ठेवावी लागते. एखाद्या मुलीला परीक्षेच्या आठवड्यात टायफॉइड झाला. तिच्या अकरावीच्या वह्या, सराव परीक्षा सगळे उत्तम आहे. तिने निःशंकपणे सर्वांत वरच्या महाविद्यालयाचा विकल्प द्यावा. एखाद्याने लेखी उत्तरांची सवयच लावून घेतली नाही, पण विषय त्याला मुळातून कळतो. त्याने सुट्टीचे दोन महिने रोज चार पाने हाताने लिहावीत आणि चांगल्या महाविद्यालयात जावे. तिसरा प्रकार अधिक अवघड. ज्याला ओळखण्याची कला आली आहे, समजण्याची आलेली नाही, त्याच्या पर्सेंटाइलने त्याला जेथे नेऊन सोडले आहे, तेथील स्पर्धेत त्याची दमछाक होणार. अशा मुलाने हट्टाने सीओईपीतील नको असलेली शाखा घेण्यापेक्षा ज्या ठिकाणी प्राध्यापक नावाने ओळखतात, वर्ग लहान आहेत, चुकलेले पुन्हा शिकवले जाते, असे महाविद्यालय पाहावे. त्यात कमीपणा कसला? अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण पैशाच्या बाबतीत मुलांना शिकवतो. अभ्यासाच्या ताकदीबाबत मात्र शेजाऱ्याचे अंथरूण मोजतो.

महाविद्यालय पाहावे, याचा अर्थ प्रत्यक्ष जाऊन पाहावे. माहितीपुस्तिकेत प्रत्येक इमारत संध्याकाळच्या सोनेरी उन्हात छापलेली असते. तेथे शिकणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांशी चहाच्या टपरीवर अर्धा तास बोलले, तर वर्ग होतात की नाही, प्रयोगशाळा उघडते की नाही, पहिल्या वर्षी किती जण अडकतात, हे कळते. पालक लग्नाच्या स्थळासाठी सोलापूर-पुणे चार चकरा मारतात. चार वर्षांच्या महाविद्यालयासाठी एसटीचे एक तिकीट काढत नाहीत. नोकरीचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट. परिसर-मुलाखतींना येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत 60 टक्के अशी अट घालत आल्या आहेत. 58 टक्क्यांच्या मुलाला ही गाठ चौथ्या वर्षी पडू नये, म्हणून पहिल्या वर्षीच माहीत असलेली बरी. मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवता येतात. ज्याचे घोडे खरोखरच दोन-चार टक्क्यांवर अडले आहे, त्याने ती वाट जरूर तपासावी.

विकल्प भरताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे गेल्या वर्षीच्या गुणांशी या वर्षीचे गुण ताडून पाहणे. 2024 च्या नीटमध्ये सुरुवातीला 67 विद्यार्थ्यांना 720 पैकी 720 गुण जाहीर झाले होते. त्या वर्षी प्रश्नपत्रिका फुटीचे प्रकरण देशभर गाजले, तपासाचे धागे लातूरपर्यंत आले आणि या भागातील प्रामाणिक विद्यार्थ्यांना उगाचच खाली मान घालावी लागली. पुढच्याच वर्षी प्रश्नपत्रिका इतकी कठीण निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 686 गुण होते. 2024 ची गुणांची यादी भिंतीवर लावून 2025 मध्ये मुलाला ‘तुला सरकारी मिळत नाही’ म्हणणाऱ्या पालकाने त्याच्यावर अन्यायच केला. गुण पाहू नयेत, क्रमांक पाहावा. तोही आपल्या प्रवर्गातील आणि राज्याच्या यादीतील. सीईटीत पर्सेंटाइल असल्याने ही गफलत कमी होते. तरी कोणत्या फेरीत जागा कोठे थांबली, हे निरखून पाहावे लागते, कारण पहिल्या फेरीत न मिळालेले तिसऱ्या फेरीत अनेकांना मिळते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते स्वीकारण्यावाचून गत्यंतर नसते, हा नियमही पुष्कळांना अर्ज भरल्यानंतर समजतो. केवळ पाहावे म्हणून पहिल्या क्रमांकावर नाव टाकणाऱ्याला मग तेथेच जावे लागते.

वैद्यकीयच्या इच्छुकांसाठी भूगोलही बदलला आहे. 70:30 चे सूत्र होते, तोवर प्रत्येक विभागातील 70 टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना मिळत. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी आणि विद्यार्थी तयारीचे. त्यामुळे येथील मुलाला अधिक गुण असूनही घरी बसावे लागे. दीर्घ आंदोलनानंतर सप्टेंबर 2020 मध्ये ते सूत्र रद्द झाले. राज्याची यादी आता एक आहे. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही जुनी शासकीय महाविद्यालये होतीच. अलीकडच्या वर्षांत धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना येथेही ती उभी राहिली. नव्या महाविद्यालयात वसतिगृह अपुरे असेल, रुग्णालय अजून आकार घेत असेल. पण शासकीय शुल्कात शिकता येते आणि पहिल्या वर्षी शिक्षकांशी गाठ सहज पडते. ज्याच्या लेखी उत्तरांचा पाया कच्चा आहे, त्याच्यासाठी ही सोय लहान नाही. तरीही अनेक घरे सिंधुदुर्ग किंवा गोंदियाचे नाव ऐकताच नाक मुरडतात आणि मुलाला ‘आणखी एक वर्ष’ देतात.

हे ‘आणखी एक वर्ष’ म्हणजे लातूरच्या अर्थव्यवस्थेचा एक खांब आहे. त्याविषयी सरसकट निकाल देणे योग्य नाही. दुसऱ्या प्रयत्नात लक्ष्य गाठणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्याचा प्रवेश परीक्षेतील गुण आधीच चांगला आहे आणि बारावी कच्ची आहे, त्याला त्या वर्षात पुन्हा पर्यायच ओळखायला बसवले जाते. त्याची जी उणीव, तिला कोणी हात लावत नाही. वर्षभराने गुण 20 ने वाढतात, खोलीचे भाडे, खानावळ, शिकवणी यांत जे जायचे ते जाते आणि मुलगा एक वर्षाने मोठा होऊन त्याच कोऱ्या पानासमोर येऊन बसतो.

साता समुद्रापलीकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही या प्रश्नाची वेगळी आवृत्ती पाहायला मिळते. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या चार वर्षांतील प्रत्येक विषयाची श्रेणी महाविद्यालयाकडे जाते. सॅटमध्ये उत्तम गुण आणि वर्गातील श्रेणी बेताच्या, असा मुलगा तेथील प्रवेश समितीला बुद्धिमान पण आळशी वाटण्याचा धोका असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर प्रवेशासाठी सॅटचा विचार करणेच सोडले. दुसरीकडे एमआयटीने कोविडनंतर, 2022 मध्ये, सॅट पुन्हा सक्तीची केली, कारण विद्यार्थ्याच्या गणिताची तयारी जोखण्यास त्यांना तिचा उपयोग होतो. म्हणजे दोन मातब्बर संस्थांचे उत्तर परस्परविरुद्ध. पण वर्गातील चार वर्षांचे काम दोघीही पाहतात. आपल्याकडच्या यादीला ते दिसत नाही. म्हणून ते पाहण्याचे काम घराला करावे लागते.

विकल्प अर्ज भरण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. त्या दिवसांत नातेवाइकांचे सल्ले येतात, शिकवणी चालकाचा फोन येतो, कोणी तरी ‘अमुक शाखेलाच स्कोप आहे’ असे छातीठोकपणे सांगून जातो. त्यातील एक संध्याकाळ मोकळी काढावी. कपाटातील बारावीची गुणपत्रिका बाहेर काढून सीईटीच्या निकालाशेजारी ठेवावी आणि रसायनशास्त्राच्या त्या लेखी पेपरात नेमके काय झाले होते, हे मुलालाच विचारावे. तो प्रथम ‘काही नाही’ म्हणेल. थोडे थांबले तर सांगेल, आणि तो सांगत असताना फोन वाजला तर घेऊ नये.